टायको ब्राहेचा लॉग: १५७२ ची नोंद, २००८ चं उत्तर

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्री आठ-नऊच्या सुमारास फोनवर एखादं स्काय मॅप ॲप उघडा आणि फोन उत्तरेकडे धरा. इंग्रजी 'एम' किंवा 'डब्ल्यू' सारखे मांडलेले पाच तारे दिसतील. ही शर्मिष्ठा, म्हणजेच कॅसिओपिया. या पाच ताऱ्यांपासून थोड्याच अंतरावर एक जागा अशी आहे, की तिथे आज नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. पण १५७२ च्या नोव्हेंबरमध्ये नेमक्या त्याच जागी शुक्राइतका तेजस्वी तारा दिसत होता. इतका तेजस्वी, की तो दिवसाउजेडीही दिसायचा.

तो नक्की काय होता, हे ठरायला ४३६ वर्षं लागली. आणि ते ठरलं, त्यात एका २५ वर्षांच्या मुलाच्या चिकाटीचा मोठा वाटा होता. त्याचं नाव टायको ब्राहे.

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, खगोलशास्त्रज्ञ नाही. टायकोबद्दल कॉलेजमध्ये एवढंच ऐकलं होतं, की त्याचं नाक धातूचं होतं. पुढे नोकरीत एक फजिती झाली आणि मग हा माणूस मला नव्याने कळला. ती फजिती शेवटी सांगतो. आधी टायकोची गोष्ट.

वकील व्हायला पाठवलेला मुलगा

टायकोचा जन्म १४ डिसेंबर १५४६ चा, क्नुटस्टॉर्प नावाच्या वाड्यातला. हा भाग तेव्हा डेन्मार्कमध्ये होता, आज स्वीडनमध्ये आहे. घराणं बडं सरदारी. त्याच्या काकाला मूलबाळ नव्हतं. टायको दोनेक वर्षांचा असताना काकाने त्याला आईवडिलांना न विचारताच सरळ आपल्या घरी नेलं आणि वाढवलं.

बाराव्या वर्षी त्याला कोपनहेगनच्या विद्यापीठात घातलं. १५६० च्या ऑगस्टमध्ये एक सूर्यग्रहण झालं. ग्रहणापेक्षाही त्याला नवल वाटलं ते याचं, की माणसांनी ते होणार हे आधीच सांगितलं होतं. मग पुढची पायरी आलीच: सांगितलेलं किती अचूक निघतं?

घरच्यांना त्याने कायदा शिकायला हवा होता. त्याला लाइपझिगला पाठवलं आणि लक्ष ठेवायला सोबत एक शिक्षक दिला. शिक्षक झोपला की हा मुलगा मुठीएवढा ताऱ्यांचा गोल काढून आकाश पाठ करायचा. १५६३ च्या ऑगस्टमध्ये गुरू आणि शनी आकाशात अगदी जवळ आले. टायकोने ते स्वतः पाहिलं आणि पंचांगासारखी जी कोष्टकं तेव्हा प्रमाण मानली जायची, त्यांच्याशी ताडून बघितलं. एक कोष्टक जवळपास महिनाभर चुकलं होतं, दुसरं काही दिवसांनी. त्या वेळी तो १६ वर्षांचा होता. आकाशाबद्दल वाद घालणारे पुष्कळ आहेत, पण रोज रात्री मोजून लिहून ठेवणारं जवळजवळ कुणी नाही, हे त्याला तेव्हाच कळून चुकलं.

नाकाचा किस्सा १५६६ च्या डिसेंबरमधला. रोस्टॉक शहरात त्याचं एका नात्यातल्याच तरुणाशी भांडण झालं. गणितावरून झालं असं सांगतात. अंधारात तलवारी निघाल्या आणि टायकोच्या नाकाचा तुकडा उडाला. पुढे आयुष्यभर तो धातूचं नाक चिकटवून वावरला.

११ नोव्हेंबरची रात्र

१५७२ मध्ये टायको हेरेव्हाडच्या जुन्या मठात राहत होता. तिथे त्याच्या मामाने प्रयोगशाळा उभी केली होती आणि टायको किमयेच्या नादात होता. ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी प्रयोगशाळेतून जेवायला परतताना त्याने सवयीने वर पाहिलं. शर्मिष्ठेत एक तारा जास्तीचा होता.

त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने बरोबरच्या नोकरांना विचारलं, मग रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्यांना थांबवून विचारलं. त्यांनाही तारा दिसत होता. युरोपात इतर काही जणांनी हा तारा त्याच्या आधी काही दिवस पाहिला होता. पहिलेपणाचा मान टायकोचा नाही. पण त्याने पुढे जे केलं, ते इतक्या नेटाने दुसऱ्या कुणी केलं नाही.

त्या काळची पक्की समजूत अशी, की चंद्राच्या पलीकडच्या आकाशात कधीच काही बदलत नाही. बदल होतो तो फक्त चंद्राच्या अलीकडे. म्हणजे ही नवीन वस्तू चंद्राच्या अलीकडेच असली पाहिजे.

टायको म्हणाला नाही की हे खोटं आहे. त्याने मोजलं.

अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून बघा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा सरकतो. हात लांब केला तर कमी सरकतो. वस्तू जितकी लांब, तितकं हे सरकणं कमी. याला पॅरालॅक्स म्हणतात. डेन्मार्कमधून शर्मिष्ठा कधी मावळत नाही. ती रात्रीत एकदा डोक्यावर येते आणि एकदा खाली क्षितिजाकडे जाते. या दोन वेळांना आपण पृथ्वीबरोबर फिरून वेगळ्या जागी गेलेलो असतो, म्हणजे जणू डावा आणि उजवा डोळाच. वस्तू चंद्राइतक्या अंतरावर असती, तर शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत ती जवळजवळ एक अंश सरकली असती, म्हणजे चंद्राच्या दोन रुंदींइतकी. टायकोने स्वतः बनवलेल्या मोठ्या सेक्स्टंटने शर्मिष्ठेच्या ताऱ्यांपासूनचं अंतर पुन्हापुन्हा मोजलं. तारा जागचा हलत नव्हता. म्हणजे तो चंद्राच्या खूप पलीकडे होता. न बदलणारं आकाश बदललं होतं.

१६ महिन्यांचा लॉग

हे सिद्ध झाल्यावर तो थांबला असता तरी इतिहासात नाव राहिलं असतं. पण तो तारा दिसेनासा होईपर्यंत, १५७४ च्या मार्चपर्यंत, नोंदी ठेवत राहिला.

तेव्हा दुर्बीण नव्हती, ती अजून ३५ वर्षं लांब होती. प्रकाश मोजायचं काही यंत्रही नव्हतं. मग तेज लिहायचं कसं? त्याने तुलना लिहिली. नोव्हेंबरमध्ये शुक्रासारखा. डिसेंबरमध्ये साधारण गुरूएवढा. जानेवारीत गुरूपेक्षा थोडा कमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्या प्रतीच्या ताऱ्यांएवढा. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या प्रतीचा. जुलै-ऑगस्टमध्ये तिसऱ्या. असा उतरत उतरत शेवटी दिसेनासा.

रंगही लिहिला. आधी पांढरा, मग पिवळसर, मग मंगळासारखा किंवा रोहिणीसारखा तांबूस, आणि पुढे शनीसारखा फिकट, शिशाच्या रंगाचा.

इथे जरा थांबू. 'खूप तेजस्वी' आणि मग 'जरा कमी तेजस्वी' असं त्याने लिहिलं असतं, तर आज त्याचा काही उपयोग नसता. पण १५७२ च्या अमुक रात्री गुरू किती तेजस्वी होता, हे आज कॉम्प्युटर सांगू शकतो. त्यामुळे टायकोच्या प्रत्येक वाक्याचा आकडा करता येतो. आकडे तारखांसमोर मांडले की आलेख मिळतो. यालाच आज लाइट कर्व म्हणतात, आणि नवीन सुपरनोव्हा सापडला की शास्त्रज्ञ आजही पहिल्यांदा हाच आलेख काढायला घेतात.

१५७३ मध्ये त्याने ताऱ्यावर छोटं पुस्तक काढलं. सरदाराने पुस्तक छापणं कमीपणाचं मानलं जायचं, म्हणून तो आधी कचरत होता. त्या पुस्तकात ताऱ्यामुळे जगात काय काय उलथापालथ होईल, याचं भविष्यही आहे. ते आज कुणी वाचत नाही. मोजमापं मात्र वाचतात.

बेटावरचा राजा

१५७६ मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने टायकोला व्हेन नावाचं आख्खं बेट आणि वेधशाळेसाठी पैसा दिला. तिथे त्याने उरानिबोर्ग उभारलं. भिंतीएवढी कोनमापं, किमयेची प्रयोगशाळा, स्वतःचा छापखाना, कागदाची गिरणीसुद्धा. वाऱ्याने उपकरणं हलतात हे लक्षात आल्यावर त्याने शेजारी दुसरी वेधशाळा जमिनीखाली खणून बांधली. एकच वेध वेगवेगळ्या उपकरणांनी घ्यायचा आणि ताडून बघायचा, अशी शिस्त. कोनातली चूक साधारण एका कलेपर्यंत खाली आली. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे कला. नुसत्या डोळ्यांनी याहून फारसं पुढे जाता येत नाही.

हा माणूस सरळ होता असं समजू नका. बेटावरच्या शेतकऱ्यांकडून त्याने सक्तीने कामं करून घेतली आणि त्यांच्या तक्रारी थेट राजदरबारात गेल्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याने शेवटपर्यंत मानलं नाही. दुसरीकडे, त्याची बायको कर्स्टन सरदार घराण्यातली नव्हती. अशा लग्नातल्या मुलांना बापाची सरदारकी मिळत नसे. तरी त्याने आयुष्यभर तिच्यासोबतच संसार केला. त्याची धाकटी बहीण सोफी वेध घ्यायला मदत करायची.

१५८८ मध्ये राजा वारला. नव्या राजाशी टायकोचं जमलं नाही आणि १५९७ मध्ये त्याने डेन्मार्क सोडलं. १५९९ मध्ये तो प्रागला सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्याकडे पोहोचला. वीस वर्षांच्या वह्या सोबत होत्या.

वह्या कुणाच्या?

१६०० च्या फेब्रुवारीत त्याच्याकडे एक गरीब, हुशार गणिती आला: योहानेस केपलर. टायको आपल्या वह्या सहजासहजी दाखवत नसे. आयुष्याची कमाई होती ती. केपलर चिडायचा, भांडून निघून जायचा, परत यायचा.

१६०१ च्या ऑक्टोबरमध्ये एका मेजवानीत टायको शिष्टाचारापायी टेबलावरून उठला नाही. घरी आल्यावर त्याची लघवी अडली आणि अकरा दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. वय ५४. पुढे शेकडो वर्षं लोक विषप्रयोगाच्या अफवा पसरवत राहिले. २०१० मध्ये प्रागमधली त्याची कबर उघडून तपासणी झाली. पाऱ्याचं प्रमाण जीव घेण्याएवढं नव्हतं. शिवाय नाकाच्या हाडाजवळ पितळेच्या खुणा मिळाल्या.

वह्या केपलरने ताब्यात घेतल्या. त्यावरून वारसांशी वाद झाला. मंगळाच्या नोंदींवर केपलर वर्षानुवर्षं बसला. वर्तुळाच्या कक्षेने गणित जवळपास जमत होतं, फक्त आठ कलांची चूक राहत होती, म्हणजे चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग. दुसऱ्या कुणाच्या नोंदी असत्या तर त्याने ती चूक निरीक्षणाच्या माथी मारली असती. पण टायको आठ कलांनी चुकणार नाही, याची त्याला खात्री होती. म्हणून त्याने वर्तुळच सोडलं. ग्रह लंबवर्तुळात फिरतात, हा नियम १६०९ मध्ये छापून आला.

तारा ओळखतात कसा?

आता परत १५७२ च्या ताऱ्याकडे. आज सुपरनोव्हा दिसला की दोन प्रश्न विचारतात: त्याचा वर्णपट कसा आहे आणि त्याचं तेज कसं बदलतंय?

वर्णपट म्हणजे प्रकाशाचे रंग फोडून बघणं. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगांच्या जागी खूण सोडतं. १९४१ मध्ये रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी सोपी विभागणी केली: हायड्रोजनची खूण नसेल तर टाइप वन, असेल तर टाइप टू. पुढे टाइप वनचेही भाग पडले. सिलिकॉनची ठळक खूण असेल तर टाइप वन-ए. सिलिकॉन ठळक नाही पण हेलियम आहे, तर वन-बी. दोन्ही नाहीत, तर वन-सी.

हे नुसते लेबल नाहीत, मरणाची कारणं आहेत. वन-ए मध्ये श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा, अणुस्फोटात पूर्ण उडून जातो. बाकीच्यांमध्ये प्रचंड मोठ्या ताऱ्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो.

तेजाचा आलेखही साक्ष देतो. वन-ए साधारण अडीच-तीन आठवड्यांत शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. टाइप टू मधले बरेच तारे शंभरेक दिवस एकाच पातळीवर रेंगाळतात.

ताजं उदाहरण घ्या. १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकी यांना मेसिए १०१ या दीर्घिकेत नवा तारा दिसला. त्याच दिवशी वर्णपट घेतला गेला आणि हायड्रोजन दिसल्यामुळे तो टाइप टू ठरला. लडाखच्या हान्ले इथल्या दुर्बिणींनीही त्याचा माग घेतला. त्यातली एक आयआयटी मुंबईच्या भागीदारीतली आहे. चिलीमधल्या रुबिन वेधशाळेकडून तर रात्रीला लाखो अलर्ट अपेक्षित आहेत. प्रत्येकाचा वर्णपट घेणं शक्यच नाही. म्हणून सुरुवातीच्या काही दिवसांच्या तेजावरून कोणता तारा आधी बघायचा, हे आता प्रोग्रॅम सुचवतात.

४३६ वर्षांनी आलेला प्रकाश

टायकोच्या ताऱ्याचा वर्णपट कुणी घेतलाच नव्हता, घेणार कसा? १९४५ मध्ये वॉल्टर बाडे यांनी टायकोच्या नोंदींचा आलेख काढला आणि हा टाइप वन असल्याचं सांगितलं. स्फोटात तयार झालेलं किरणोत्सारी निकेल कोबाल्ट होतं आणि कोबाल्ट लोखंड होतं. कोबाल्ट निम्मं व्हायला सुमारे ७७ दिवस लागतात, आणि काही महिन्यांनंतरचं तेज त्याच चालीने उतरतं. म्हणजे किरणोत्सार हा शब्द जन्माला येण्याच्या तीनशे वर्षं आधी टायको नुसत्या डोळ्यांनी किरणोत्सार मोजत होता. त्याला याचा पत्ताही नव्हता.

पण खात्री नव्हती. तारा नेमका किती लांब आणि मधे धूळ किती, यावरून वाद चालूच होता. हा नेहमीचा वन-ए, की मंद जातीचा, की भलताच कुठला?

उत्तर धुळीनेच दिलं. घाटात हाक मारली तर आवाज थेट ऐकू येतो आणि जरा वेळाने कड्यावर आपटूनही येतो. १५७२ चा काही प्रकाश थेट आपल्याकडे न येता दुसरीकडे गेला, धुळीच्या ढगावर आपटला आणि लांबच्या वाटेने आपल्याकडे वळला. तो २००८ मध्ये पोहोचत होता. त्या सप्टेंबरमध्ये हवाईमधल्या सुबारू दुर्बिणीने त्या अंधुक ढगाचा वर्णपट घेतला. सिलिकॉन होता, हायड्रोजन नव्हता. नेहमीचा टाइप वन-ए. टायकोने पाहिलेलाच प्रकाश, आता यंत्रासमोर. आणि त्याचा लॉग या उत्तराशी जुळला.

माझी फजिती

पहिल्या नोकरीत आमचा एक सर्व्हर रात्री-अपरात्री बंद पडायचा. मी उठून तो रीस्टार्ट करायचो आणि नोंद करायचो: मेमरीचा प्रॉब्लेम, सुटला. असं पाच-सहा वेळा झालं. मग एक दिवस तो भर दुपारी बंद पडला आणि ग्राहकांचे पैसे अडकले. आमच्या टीममधल्या सीनियर ताईंनी माझ्या नोंदी वाचल्या आणि शांतपणे विचारलं, "तुला काय वाटलं ते कळलं. तुला दिसलं काय होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकही आकडा मी ठेवला नव्हता. मेमरीचा तो प्रॉब्लेम नव्हताच, हे पुढे तीन रात्री जागून कळलं.

टायकोलाही बरंच काही 'वाटत' होतं. पृथ्वी स्थिर आहे असं वाटत होतं, तारा संकटाची खूण आहे असं वाटत होतं. दोन्ही चूक. पण जे दिसलं ते त्याने वेगळं लिहिलं: तारखेसह, ज्याच्याशी तुलना केली त्याच्या नावासह. म्हणून त्याचे गैरसमज त्याच्याबरोबर गेले आणि नोंदी आपल्यापर्यंत आल्या.

आता मी लॉगमध्ये आधी आकडे लिहितो, मत शेवटच्या ओळीत. आणि शर्मिष्ठा दिसली की त्या रिकाम्या जागेकडे एकदा बघतो.